पॉवर स्टिअरिंगमधील तेल : दाब आणि प्रवाह यांचा भेद

गेल्या ऊसतोडीच्या हंगामांतील गोष्ट आहे. आमच्या ओळखीच्या एका बागाइतदारांचा ट्रॅक्टर उसाची भरलेली ट्रॉली घेऊन कालव्याच्या भरावावरून चालला होता. वळणावर चक्र फिरवितांच पुढच्या आंसाजवळची रबरी नळी फुटली, तेलाचा फवारा उडाला, आणि चालकाच्या हातांतलें चक्र मोकळें फिरूं लागलें. चाकें मात्र होतीं तशींच राहिलीं. दैव बलवत्तर म्हणून ट्रॅक्टर कालव्यांत न जातां दुसऱ्या बाजूच्या बाभळीस जाऊन टेकला व माणूस बचावला. चौकशी करितां असें कळलें कीं, स्टिअरिंग जड लागतें म्हणून पंधरा दिवसांपूर्वीं एका कारागिराकडून 'प्रेशर वाढवून' घेतलें होतें. वस्तुतः तें वाढविण्याची कांहीं गरज नव्हती. दोष दाबाचा नव्हताच. तो प्रवाहाचा होता.

दाब आणि प्रवाह या दोन अगदीं निराळ्या गोष्टी होत. परंतु नित्याच्या बोलण्यांत दोहोंसही 'प्रेशर' हा एकच शब्द लाविला जातो, व तेथूनच निदान चुकतें. पंप बदलला जातो, पैसे खर्च होतात, ऐन पेरणींत ट्रॅक्टर चार दिवस उभा राहतो, आणि दोष कायम राहतो. म्हणून या विषयाचा थोडा मुळापासून विचार करावा असें आम्ही योजिलें आहे. यांत गणित येईल, पण तें गुणाकार-भागाकारापलीकडचें नाहीं.

पाण्यावरून तेलाकडे

शेतकऱ्यास दाब व प्रवाह हीं दोन्ही पाण्याच्या रूपानें रोज भेटतात. पाटानें पाणी धो धो वाहतें तेव्हां प्रवाह पुष्कळ असतो, पण दाब जवळजवळ नसतो. आडवा हात धरला तरी पाणी बाजूनें निघून जातें. उलट गांवच्या उंच टांकीखालची तोटी बंद असतां तिच्यामागें दाब असतो, पण प्रवाह शून्य असतो. टांकींतील पाणी तोटीपासून दहा मीटर उंच असेल तर तोटीशीं दर चौरस सेंटिमीटरास सुमारें एक किलो इतका दाब पडतो. यालाच आपण ठिबकच्या गेजावर 'एक किलो' म्हणतों, व या लेखांतही तोच शब्द वापरूं.

ठिबक संचाचेंच उदाहरण पुढें नेऊं. गाळणीच्या अलीकडे व पलीकडे दाब पाहण्याची सोय असते. गाळणी स्वच्छ असतां दोन्हीकडचे आंकडे जवळजवळ सारखे दिसतात. ती शेवाळानें तुंबली म्हणजे अलीकडचा कांटा वर चढतो आणि शेतांत मात्र पाणी कमी पोंचतें. येथें दाब वाढला आणि प्रवाह घटला. यावरून पहिला धडा असा कीं, गेजाचा कांटा वर आहे एवढ्यावरून काम होत आहे असें समजूं नये. कांटा दाब दाखवितो. प्रवाह दाखवीत नाहीं.

आतां व्याख्या सांगतों. एक चौरस सेंटिमीटर जागेवर पडणारा जोर तो दाब. एका मिनिटांत एखाद्या ठिकाणाहून पुढें जाणारें तेल तो प्रवाह. तो लिटरांत मोजतात. दाबानें दट्ट्यास जोर मिळतो; प्रवाहानें त्यास वेग मिळतो. चाक वळेल कीं नाहीं हें दाब ठरवितो, आणि किती झटकन वळेल हें प्रवाह ठरवितो. वाचकांनीं एवढें वाक्य ध्यानीं धरिलें तरी या लेखाचें अर्धें काम झालें.

पंप दाब निर्माण करीत नाहीं

हें वाचून पुष्कळांस नवल वाटेल, पण तें खरें आहे. स्टिअरिंगचा पंप तेल पुढें ढकलतो, इतकेंच. तेलास वाटेंत जेवढा अडथळा होईल तेवढा दाब आपोआप चढतो. बैलगाडीचें पहा. बैल कितीही दांडगे असोत, रिकाम्या गाडीस त्यांच्या मानेवर ओढ फारशी पडत नाहीं. गाडी भरली व चिखलांत रुतली म्हणजे तेच बैल, तेंच जूं, पण ओढ कितीतरी वाढते. ओढ भारानें ठरते. बैलांच्या अंगांत ती सोसण्याची ताकद असावी लागते, एवढेंच. तसाच दाब हा चाकाच्या विरोधानें ठरतो. पंपाच्या अंगीं तो सोसण्याची शक्ति असावी लागते.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. विहिरीवरील आपला नेहमींचा सेंट्रिफ्यूगल पंप आणि स्टिअरिंगचा पंप हे एका जातीचे नव्हेत. विहिरीवरील पंपाचा पुढचा व्हॉल्व्ह थोडा वेळ बंद केला तर पंखा पाण्यांत नुसता घुसळत राहतो व दाब एका मर्यादेवर थांबतो. स्टिअरिंगचा पंप हा मोटेच्या जातीचा आहे. मोट आतां क्वचितच दृष्टीस पडते, पण वडील मंडळींस आठवत असेल कीं, प्रत्येक खेपेस ठराविक पाणी थारोळ्यांत पडत असे. बैल धावेवरून लवकर फिरले तर खेपा वाढत व पाटाचें पाणी वाढे. तसेंच ट्रॅक्टरवरील दातेरी पंपाची किंवा मोटारगाडीवरील पात्यांच्या पंपाची प्रत्येक फेरी ठराविक तेल पुढें टाकते. पुढची वाट बंद असली तरी तो टाकतच राहतो. अशा वेळीं दाबास मर्यादाच उरत नाहीं, आणि नळी, पंप किंवा पट्टा यांपैकीं जें दुर्बळ असेल तें तुटतें.

म्हणून या मार्गांत एक सांडवा ठेविलेला असतो. त्यास रिलीफ व्हॉल्व्ह म्हणतात. स्प्रिंगनें दाबून धरलेला हा व्हॉल्व्ह ठराविक दाब चढतांच उघडतो व जादा तेल टांकींत परत सोडतो. तळ्याच्या सांडव्याचें जें काम, तेंच याचें. आतां विचार करा : ओढ्यास पाणीच कमी येत असेल तर सांडव्याची भिंत उंच केल्यानें तळें लवकर भरेल काय? भरणार नाहीं. मात्र पुढें पूर आला म्हणजे बांध फुटेल. आरंभीं सांगितलेल्या ट्रॅक्टरवर हेंच घडलें. कारागिरानें रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखालीं चकत्या घातल्या, म्हणजे सांडवा उंच केला. तेल जास्त येईना तें नाहींच, आणि बांध मात्र फुटला.

थोडा हिशेब

ट्रॅक्टरच्या पुढच्या आंसावर आडवा सिलिंडर असतो, त्याच्या दोन्ही तोंडांतून दांडा बाहेर येऊन चाकांस जोडलेला असतो. हिशेबासाठीं आपण असें धरूं कीं, सिलिंडरचा आंतील व्यास ५० मिलिमीटर, दांड्याचा व्यास २५ मिलिमीटर व दट्ट्याची एकंदर चाल २० सेंटिमीटर आहे. दांड्याची जागा वजा जातां तेल ज्यावर दाबतें तें क्षेत्रफळ सुमारें १५ चौरस सेंटिमीटर येतें.

प्रथम जोर पाहूं. तेलाचा दाब ८० किलो असेल तर १५ गुणिले ८०, म्हणजे १,२०० किलोचा जोर चाकें वळविण्यास मिळतो. दाब ४० किलोवरच अडला तर जोर ६०० किलो. ट्रॅक्टर चालत असतां चाकें वळविण्यास एवढा जोर बहुधा पुरतो. पण उभ्या जागीं, ढेकळांत, किंवा पुढें लोडर भरलेला असतां तो पुरत नाहीं.

आतां वेग पाहूं. दट्ट्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत नेण्यास १५ गुणिले २०, म्हणजे ३०० घन सेंटिमीटर तेल लागतें. बांधाशीं वळतांना चालकास हें काम तीन सेकंदांत व्हावेंसें वाटतें. म्हणजे सेकंदास १०० घन सेंटिमीटर, अर्थात् मिनिटास ६ लिटर प्रवाह पाहिजे. पंपाकडून ३ लिटरच येत असतील तर तेवढ्याच वळणास सहा सेकंद लागतील. चालकानें घाई केली तर चक्र हातास अडतें व जड लागतें, कारण कमी पडलेलें तेल ढकलण्याचें काम त्याच्या हातांवर येतें.

पंप एका फेरीस ८ घन सेंटिमीटर तेल टाकतो व इंजिनाच्या गतीनेंच फिरतो असें धरलें तर इंजिन मंद, मिनिटास ८०० फेऱ्यांवर चालत असतां ६.४ लिटर, व २,००० फेऱ्यांवर १६ लिटर तेल मिळेल. म्हणजे खरी कसोटी मंद गतीची. जलद गतीवर तेलाचा सुकाळ असतो.

शेवटीं शक्तीचा हिशेब. किलोंतील दाब गुणिले मिनिटाचे लिटर भागिले ४५० केलें म्हणजे अश्वशक्ति निघते. ८० गुणिले ६ भागिले ४५०, म्हणजे एक अश्वशक्तीहून किंचित् जास्त. चक्र एका टोंकास नेऊन तसेंच दाबून धरिलें तर दट्ट्या हलत नाहीं, सर्व तेल सांडव्यावरून परत जातें, आणि एवढ्या सर्व शक्तीची उष्णता होते. पाणी तापविण्याच्या विजेच्या कांडीच्या जवळपास ही उष्णता भरते, व ती दोन लिटर तेलांत सांठली तर त्याचें तपमान मिनिटास सुमारें १४ अंशांनीं चढेल. इंजिन जलद असेल तर त्याच्याही दुपटीहून अधिक. तापलेलें तेल पातळ होतें, रबरी कड्या कडक पडतात, व गळती सुरू होते. म्हणून चक्र टोंकास पोंचतांच किंचित् मागें सोडावें. या एका सवयीनें पंपाचें आयुष्य पुष्कळ वाढतें.

उघड्या वाटेची युक्ति

कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणीं दाब दिला तर तो सर्व बाजूंस सारखा पोंचतो, हा नियम फ्रान्समधील पास्कल यानें सांगितला. त्याचा यावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. त्या आधारावर इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें १७९५ मध्यें पाण्याच्या दाबाच्या प्रेसचें पेटंट घेतलें. परंतु मोटारीच्या स्टिअरिंगला हें तत्त्व लावण्यास पुढें सव्वाशें वर्षें लागलीं. तेल नेहमीं दाबाखालीं तयार ठेवावें तर पंप सतत राबतो, तेल तापतें व सांध्यांतून गळतें, ही अडचण होती.

अमेरिकेंत पिअर्स-ॲरो कंपनीच्या मालमोटार विभागांत काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरनें हा प्रश्न उलटा करून सोडविला. त्यानें व्हॉल्व्ह एरवीं उघडाच ठेविला. गाडी सरळ चालली असतां तेल पंपांतून निघून व्हॉल्व्हमधून विनासायास टांकींत परत येतें. दाब नांवाला असतो. चक्र वळवितांच परतीची वाट अरुंद होते, अडथळा उत्पन्न होतो, आणि जरूर तेवढाच दाब जरूर त्या बाजूस चढतो. १९२६ सालीं त्यानें ही रचना एका पिअर्स-ॲरो गाडीवर बसवून दाखविली. बाजारांत विकत मिळणाऱ्या मोटारगाडीवर ती येण्यास मात्र १९५१ साल उजाडलें. ती गाडी क्रायस्लरची इंपीरियल होय.

वरच्या हिशेबानें पाहिलें तर या युक्तीचें मर्म कळतें. सरळ चालतांना दाब ५ किलो व प्रवाह ६ लिटर असेल तर खर्च होणारी शक्ति एका अश्वशक्तीच्या पंधराव्या हिश्शाएवढीच. प्रवाह नेहमीं चालू, दाब प्रसंगापुरता : अशी ही व्यवस्था आहे. यामुळेंच, सरळ चालणाऱ्या गाडीवर गेज लावून 'दाब कांहींच नाहीं' म्हणून पंपास दोष देणें चुकीचें होय.

मोटारगाडी व ट्रॅक्टर यांच्यांत येथें एक महत्त्वाचा फरक आहे. तेलावर चालणाऱ्या मोटारगाडीच्या स्टिअरिंगमध्यें चक्रापासून चाकांपर्यंत लोखंडी सांधा अखंड असतो. तेल नुसतें मदतीस असतें. तेल गेलें तर चक्र जड होतें, पण चाकें वळतात. आजच्या पुष्कळ नव्या मोटारींत तर तेल जाऊन विजेची मोटर आली आहे. पण ज्या ट्रॅक्टरांवर आंसावर सिलिंडर असून चक्राखालीं तेल मोजून देणारें स्टिअरिंग युनिट असतें, त्यांत चक्र व चाकें यांना जोडणारें तेलाशिवाय दुसरें कांहींच नसतें. पंप थांबला तरी युनिटमध्यें तेल असेपर्यंत हाताच्या जोरानें वळवितां येतें. पण युनिट व सिलिंडर यांमधली नळी फुटली तर सगळाच संबंध तुटतो. म्हणून या नळ्यांकडे ब्रेकइतक्याच काळजीनें पाहिलें पाहिजे.

लक्षणांवरून निदान

स्टिअरिंग जड झालें म्हणजे तेलाकडे वळण्यापूर्वीं हवा व ग्रीस पाहावें. पुढच्या टायरांत हवा कमी असेल, किंवा चाकांचे खिळे ग्रीसवांचून कोरडे पडले असतील, तर तेल निर्दोष असूनही चक्र जड लागतें. पुढचीं चाकें जॅकवर उचलून वळवून पाहावीं. अधांतरींही तीं अडत असतील तर दोष बहुधा लोखंडांत आहे. तेथें कांहीं न सांपडल्यास मग पुढील परीक्षा करावी.

इंजिन मंद ठेवून चक्र अगदीं सावकाश फिरवावें, नंतर झटकन फिरवावें. सावकाश फिरवितां हलकें व झटकन फिरवितां जड लागलें, आणि इंजिनाची गति वाढवितांच तें सुधारलें, तर प्रवाह कमी आहे असें समजावें. याचीं कारणें : टांकींत तेल कमी असणें, ओढीच्या बाजूची गाळणी तुंबणें, ओढीच्या नळींतून हवा शिरणें, पट्टा सैल होणें, किंवा पंप झिजणें. तेलास फेंस आला असेल व पंप कण्हल्यासारखा आवाज करीत असेल तर हवेचा संशय घ्यावा.

सावकाश फिरवितांही जड लागलें, विशेषतः उभ्या जागीं किंवा पुढें भार असतां, आणि इंजिनाची गति वाढवूनही फरक पडला नाहीं, तर दाब चढत नाहीं असें समजावें. याचीं कारणें : रिलीफ व्हॉल्व्हखालीं कचरा अडकून तो लवकर उघडणें, त्याची स्प्रिंग मोडणें, किंवा सिलिंडरच्या आंतील कड्या फाटून तेल दट्ट्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे निसटणें. चाकें टोंकास पोंचल्यावरही चक्र हळूहळू फिरतच राहत असेल, तर आंतल्या आंत अशी गळती आहे हें नक्की. ती सिलिंडरांत कीं युनिटांत, हें पुढें शोधावें.

सकाळीं हलकें व दुपारीं तेल तापल्यावर जड, हें झिजलेल्या पंपाचें किंवा कड्यांचें लक्षण होय. येथें दाब व प्रवाह एकमेकांत गुंततात, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. झिजलेल्या पंपांत तेल फटींतून मागें निसटतें, आणि पुढचा दाब जितका जास्त, तेल जितकें पातळ, तितकें अधिक निसटतें. सैल मातीच्या पाटांत पाणी जसें चढतें तशी झिरप वाढते, त्यांतलाच प्रकार. असा पंप मोकळा चालवून बादलींत तेल मोजलें तर मिनिटास सहा लिटर पुरे भरेल, आणि ८० किलो दाब येतांच त्यांतले चार लिटर आंतल्या आंत परत फिरून पुढें दोनच जातील. म्हणून प्रवाह मोजावयाचा तो दाब ठेवूनच मोजावा.

सैल पट्टाही असाच फसवितो. पट्ट्यावरील ओढ दाबाबरोबर वाढते. सरळ चालतांना पट्टा निमूट फिरतो, आणि वळणाच्या शेवटीं दाब चढतांच घसरून किंचाळतो. लक्षण दाबाचें दिसतें, पण उपाय पट्टा ताणण्याचा असतो.

गेज लावण्याची रीत व तींतील धोका

खरें निदान गेजावांचून होत नाहीं. गेज यंत्राच्या पुस्तकांत दिलेल्या दाबाच्या किमान दीडपट अंकापर्यंत दाखविणारें असावें, व तेल हातास चांगलें गरम लागेपर्यंत यंत्र चालवून मग वाचन घ्यावें.

मोटारगाडीवर रिलीफ व्हॉल्व्ह बहुधा पंपाच्या पोटांतच असतो. तेथें पंपाच्या पुढें गेज व त्याच्या पुढें एक व्हॉल्व्ह बसवून, इंजिन मंद असतां, तो व्हॉल्व्ह फार तर पांच सेकंद बंद करितात. पुस्तकांतील दाब चढला तर पंप व रिलीफ दोन्ही ठीक, व दोष पुढें आहे. न चढला तर दोष पंपाकडे आहे.

हीच रीत ट्रॅक्टरवर डोळे मिटून करूं नये. पुष्कळ ट्रॅक्टरांत रिलीफ व्हॉल्व्ह पंपांत नसून पुढें स्टिअरिंग युनिटांत असतो. पंप व युनिट यांच्यामध्यें वाट बंद केली तर सांडवा पलीकडे राहतो, आणि पंपास निसटण्यास जागाच उरत नाहीं. एका क्षणांत पंप किंवा नळी फुटते. म्हणून रिलीफ कोठें आहे हें पुस्तकांत पाहिल्यावांचून वाट बंद करूं नये. तो युनिटांत असेल तर नुसतें गेज लावावें, चक्र टोंकापर्यंत नेऊन दोन-तीन सेकंद धरावें व आंकडा वाचावा. तेवढें पुरतें.

दुसरा धोका याहून मोठा आहे, व त्याची जाणीव फार थोड्यांस असते. नळीस सुईच्या अग्राएवढें भोंक पडलें म्हणजे दाबाखालचें तेल डोळ्यांस न दिसणाऱ्या बारीक धारेनें निघतें. गळती शोधण्यासाठीं त्यावर हात फिरविला तर ती धार कातडी भेदून आंत शिरते. बाहेर कांटा टोंचल्याएवढीच खूण दिसते व आरंभीं दुखतही नाहीं. पण आंतलें तेल मांस नासवितें, आणि उपचारास उशीर झाल्यास बोट किंवा हात कापावा लागतो. म्हणून गळती पुठ्ठ्याच्या तुकड्यानें शोधावी, हातानें कधींही नाहीं. चुकून असें झालेंच तर हळद लावून घरीं न बसतां तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयांत जावें, व 'दाबाचें तेल आंत गेलें आहे' असें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें.

ध्यानांत ठेवावयाचे नियम

१. तेलाची पातळी व रंग आठवड्यांतून एकदां पाहावा. पुस्तकांत सांगितलेलेंच तेल घालावें. ब्रेकचें तेल यांत कदापि घालूं नये. त्यानें रबरी कड्या फुगून निकामी होतात.

२. टांकीचें झांकण उघडण्यापूर्वीं भोंवतालची धूळ पुसावी. पुसण्यास धागे सुटणारी चिंधी वापरूं नये.

३. गाळणी वेळच्या वेळीं बदलावी. ती पंपाहून कितीतरी स्वस्त असते.

४. नळ्या हंगामापूर्वीं तपासाव्या. फुगवटा, चीर किंवा घासल्याची खूण दिसतांच बदलाव्या. बदलतांना तेवढ्याच दाबास योग्य अशीच नळी घ्यावी. पाण्याची नळी पट्टीनें आवळून बसवूं नये.

५. चक्र टोंकास दाबून धरूं नये.

६. रिलीफ व्हॉल्व्हास गेजावांचून हात लावूं नये, व गेज असलें तरी पुस्तकांतील आंकड्यापलीकडे तो नेऊं नये.

आतां आरंभींच्या ट्रॅक्टराची हकीकत पुरी करूं. अपघातानंतर तो खोलून पाहतां ओढीच्या बाजूची गाळणी चिंधीच्या धाग्यांनीं जवळजवळ बंद झालेली आढळली. पंपास तेलच पुरत नव्हतें, म्हणून बांधाशीं झटकन वळतांना चक्र अडे. सावकाश वळवितां तें हलकें असे, हें चालकानें पहिल्याच दिवशीं सांगितलें होतें. पण त्या सांगण्याचा अर्थ कोणासच लागला नाहीं. दाब वाढविल्यानें प्रवाह वाढला नाहीं. मात्र थोडासा प्रवाहही बंद वाटेंत पुरा दाब चढवितो. त्यामुळें प्रत्येक वळणाच्या शेवटीं नळीवर तिला न झेपणारा ताण पडत गेला, व अखेर ती कालव्याच्या भरावावरच फुटली.

गाळणी बदलली, चकत्या काढल्या, नवी नळी बसविली, आणि तोच जुना पंप आज उत्तम काम देत आहे. चालक रोज यंत्रावर बसतो. त्याच्या हातास जें जाणवतें तें मोलाचें असतें. यापुढें आपल्या चालकानें स्टिअरिंग जड झाल्याचें सांगितलें, तर खिशांत हात घालण्यापूर्वीं मालकांनीं त्यास एवढेंच विचारावें : सावकाश फिरवितांना जड लागतें, कीं झटकन फिरवितांना?